आमच्या मागचा तबेला

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आधी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा आला, आणि मग सोसायटीच्या मीटिंगा सुरू झाल्या. या तिन्हींत जास्त त्रास कशाचा झाला हे सांगायला नकोच.

तर मंडळी, आमची इमारत पाडणार आहेत. पुनर्विकास! मीरा रोडला सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी हाच शब्द. इमारत चाळीस वर्षांची झाली. गॅलरीच्या सळया बाहेर डोकावतात, गच्ची गळते, लिफ्ट नाही आणि तिसरा मजला आता हिमालयासारखा वाटतो. तेव्हा पाडायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमचा भाचा हे वाचून लगेच फोन करेल, "मावशी, सही केलीस ना?" केली रे बाबा, पहिल्या दिवशीच केली.

विकासकाला द्यायचे जुने कागद शोधायला गेल्या आठवड्यात सोसायटीचं लोखंडी कपाट उघडलं. किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, शेवटी कुलूप तोडलं. आत झुरळं, वर्गणीची पावतीपुस्तकं, गणपतीचा एक जुना मुकुट, आणि 'पत्रव्यवहार १९९२-९६' अशी एक फाइल. सेक्रेटरींनी ती चाळता चाळता माझ्यापुढे धरली. "बाई, हे तुमचं अक्षर ना?"

माझंच होतं. निळ्या कार्बनची प्रत, तारीख ऑक्टोबर १९९४. 'विषय : इमारतीलगतच्या म्हशींच्या तबेल्यामुळे रहिवाशांना होणाऱ्या त्रासाबाबत.' दीड पानाचं पत्र. एक काना-मात्रा चुकलेला नाही. वाचताना आधी थोडा अभिमानच वाटला, खोटं कशाला बोलू? मग तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य आलं आणि मी चष्मा काढून पदराने पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

त्या वाक्याकडे येते. आधी तबेल्याचं सांगायला हवं, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पाहिलाच नसणार.

आम्ही गिरगाव सोडून इथे आलो ते १९८५ साली. त्याच वर्षी पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली होती. मिठागरं, खार जमीन, मध्येच भाताचं एखादं खाचर, आणि त्यात खांब रोवल्यासारख्या चार-चार मजली इमारती. स्टेशनवरून घरी यायला रिक्षा मिळाली तर नशीब. यांची नोकरी चर्चगेटला, माझी शाळा भाईंदरला. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीतून स्वतःच्या वन रूम किचनमध्ये आलो, संडास घरात! यापुढे बाकी सगळं गौण होतं.

आमच्या इमारतीच्या मागे, पेणकरपाड्याच्या बाजूला, कुंपणाला लागून तबेला. सिमेंटच्या पत्र्यांची लांबच लांब दोन छपरं, मध्ये शेणाने भरलेली गटार, एका टोकाला विहीर आणि दुसऱ्या टोकाला उकिरडा. उकिरडा कसला, टेकडीच म्हणा! म्हशी सव्वाशेच्या आसपास. एक म्हैस दिवसाला पंधरा किलो शेण टाकते असं धरलं तरी करा हिशेब. दोन टनांच्या घरात जातं. (मी गणित शिकवत नव्हते, पण एवढं येतं.)

पहाटे तीनला पहिली धार आणि दुपारी तीनला दुसरी. पहाटे बादल्यांचा आवाज, म्हशींचं हंबरणं, कुणीतरी भोजपुरीत गुणगुणतंय. पहिले सहा महिने झोप लागली नाही. नंतर आवाज थांबला की जाग यायची.

दुधाचा रतीब अर्थात तिथलाच. समोर काढलेलं, अजून कोमट असलेलं निरसं दूध. साय इतकी जाड यायची की चाळणीत पोळीसारखी उचलावी. आम्ही गिरगावकर तर आरेच्या बाटलीवर वाढलेले. पहाटे केंद्रावर रांग, हातात दुधाचं कार्ड, ॲल्युमिनियमच्या पातळ झाकणाच्या काचेच्या बाटल्या. रिकामी बाटली फुटली की घरी मार. त्यामुळे 'आपला' दूधवाला असणं ही मला चैनच वाटे. सासूबाई होत्या तेव्हा. कुठली म्हैस व्यायली की दूधवाले भैयाजी त्यांच्यासाठी आठवणीने चीक आणून देत, आणि मग घरभर गुळाच्या खरवसाचा वास.

दुसराही वास होताच. तो कशानेही जात नसे. मुलांच्या गणवेशाला यायचा. पावसाळ्यात गटार तुंबली की आमच्या तळमजल्यावाल्यांच्या दारात शेणाचं पाणी. डास, माशा, उंदीर. मच्छरदाणीत बसून वह्या तपासलेल्या आहेत मी. तबेल्याच्या आठवणीने गळा काढावा असं काही ते सुख नव्हतं. म्हशींचेही हाल होतेच. हरयाणा-गुजरातकडून ताजी व्यालेली म्हैस आणायची, दहाएक महिने दूध काढायचं, आटली की विकायची. भाकड म्हशीला शहरातल्या महाग पेंढ्यावर कोण पोसणार? रेडकं तर जगवायचीच नाहीत. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवलेलं मी पाहिलं आहे. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. ते पाहिल्यावर पुढे कितीतरी दिवस मी बिनदुधाचा चहा घेतला. मग पुन्हा सुरू केला.

एकदा मी बाटलीत पाणी भरून प्यायला घेतलं, ती तबेल्याच्या विहिरीची आठवण. उन्हाळ्यात टँकर आला नाही की अख्खी इमारत त्या विहिरीवर. भैयाजींनी कधी नाही म्हटलं नाही. "ले जाइए दीदी, भैंस भी पीती है, आप भी पीजिए." यात विनोद होता की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि वसुबारस! तबेल्यात म्हशींच्या गोतावळ्यात एकच गाय होती, भैयाजींच्या घरच्या दुधासाठी ठेवलेली, आणि तिचं वासरू. आश्विन वद्य द्वादशीला संध्याकाळी आजूबाजूच्या सात-आठ इमारतींतल्या बायका ताटं घेऊन रांगेत उभ्या. साड्या वर खोचून, नाकाला पदर लावून, शेणातून वाट काढत. गायीच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू, बाजरीचा घास. गाय बिचारी खाऊन खाऊन कंटाळायची.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतला प्लेगची साथ आली. तुम्हाला आठवत असेल, गाड्या भरभरून लोक सुरत सोडून निघाले, आणि त्या गाड्या आमच्याच लाइनीवरून यायच्या. मीरा रोडलाही लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते. घाण, उंदीर, आणि आमच्या मागे टेकडीएवढा उकिरडा. कमिटीची तातडीची मीटिंग झाली. तबेला हलवाच, असं नगरपरिषदेला लिहायचं ठरलं. लिहिणार कोण? "बाई लिहितील. बाईंचं मराठी चांगलं." त्या वर्षीची वसुबारस तेव्हा महिनाभरावर होती, हे मी आत्ता तारखा लावून बघितलं. पत्रावर सह्या करणाऱ्या बायकाच ताटं घेऊन गेल्या. मीसुद्धा.

मसुदा मी घरी लिहिला. शेण, पाणी, डास, साथ, लहान मुलं, सगळं मुद्देसूद. १९७६ सालचा कायदा आहे, शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण ठेवणारा, त्याचा उल्लेख एका वकील सभासदांनी घालायला लावला. आणि कमिटीतल्या एका व्यवहारी गृहस्थांनी सुचवलं, "बाई, तिथे माणसं राहतात असं कुठे येऊ देऊ नका हं. माणसं म्हटली की झोपडपट्टीचा प्रश्न होतो, मग दहा वर्षं काही हलत नाही. जनावरं आहेत, एवढंच." मला ते पटलं. म्हणजे काही वेगळं वाटलंच नाही. मी लिहिलं, 'सदर जागेत मनुष्यवस्ती नसून केवळ जनावरे ठेवली जातात.'

हेच ते वाक्य.

तबेल्याच्या छपराखाली, म्हशींच्या वर, लाकडी फळ्यांचा माळा होता. एका बाजूला पेंढा, दुसऱ्या बाजूला माणसं. धारा काढणारे, शेण ओढणारे अकरा जण, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेशातले, आणि एक कुटुंब. त्या कुटुंबातला मोठा मुलगा माझ्या वर्गात होता. सहावी ब. हिंदी शाळा लांब पडते म्हणून बापाने त्याला मराठी शाळेत घातला होता. मराठी बरं होतं त्याचं. 'ळ' मात्र शेवटपर्यंत आला नाही, 'बाल गंगाधर टिलक' म्हणायचा. त्याच्या शेजारी बसायला मुलं कुरकुरत, कारण उघड आहे. मी त्याला पहिल्या बाकावर, माझ्या टेबलाशी बसवला होता आणि आपण फार मोठं काही केलं असं मला वाटत होतं.

वर्गशिक्षिका या नात्याने त्याची माहिती माझ्याच हाताने लिहिलेली होती. पत्ता : तबेला, पेणकरपाडा रस्ता, मीरा रोड पूर्व. जूनमध्ये रजिस्टरात हा पत्ता लिहिला आणि ऑक्टोबरमध्ये 'मनुष्यवस्ती नसून'. पेनही तेच असेल.

आता खरं सांगायचं तर माझ्या पत्राने तबेला हलला नाही. तबेल्याचा मालक मालाडला राहायचा. त्याला ना वास, ना डास. इथल्या जमिनीचा भाव दरवर्षी चढत होता. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाख होती, २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर गेली. सव्वाशे म्हशींच्या दुधाने तेवढ्या जमिनीचं व्याजही सुटलं नसतं. त्याने बिल्डरला जागा विकली. पण विकण्याआधी एक माणूस आमच्या सेक्रेटरींकडे येऊन गेला. गोड बोलणारा, पेढे घेऊन. म्हणाला, "तुम्ही नगरपरिषदेला जे पत्र दिलंत, त्याची एक प्रत मिळेल का? शिक्क्यासकट?" आम्ही आनंदाने दिली. आपल्याला साथ मिळाली असं वाटलं! तबेल्याच्या परवान्यावर म्हशींचा आकडा असतो, माणसांचा नसतो, आणि शेजारच्या शिकल्यासवरल्या लोकांनीच लेखी दिलं होतं की इथे कोणी राहत नाही. मग कोणाला काय द्यायचं होतं?

म्हशी गेल्या त्या १९९६ च्या मे महिन्यात, रात्री. ट्रकला फळी लावून एकेक चढवत होते, सकाळपर्यंत चाललं. गाय शेवटच्या ट्रकमध्ये. भैयाजींनी जाण्याआधी घरोघर फिरून रतीबाचा हिशेब चुकता केला, माझे साडेसात रुपये परत दिले. ते स्वतः पगारी मुकादमच होते, मालक आपण समजत होतो एवढंच.

तो मुलगा आणि त्याचा बाप दाखला न्यायला शाळेत आले. दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. बापाने विचारलं, "क्या लिखेंगी मैडम?" मी लिहिलं, 'वडिलांची बदली'. जणू तो एखाद्या बँकेत होता. त्याला काय लिहिलं ते वाचून दाखवलं तेव्हा तो हसला आणि मुलाला म्हणाला, "पाँव छू." ते नालासोपाऱ्याकडच्या एका तबेल्यावर गेले असं नंतर कुणीतरी सांगितलं. पुढचं मला माहीत नाही.

मग पाडापाडी. छपराचे ते सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉस, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मजूर घणाने फोडत होते आणि आमची मुलं त्या तुकड्यांनी भिंतीवर रेघोट्या ओढत होती. आज अंगावर काटा येतो. वरची दोन-तीन फूट काळीभोर माती ट्रक भरभरून गेली, नर्सरीवाल्यांनी नेली म्हणे. वर्षानुवर्षं शेण मुरलेली माती, सोनंच ते. विहीर डेब्रिजने बुजवली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात टँकर आला नाही तेव्हा तिची आठवण सगळ्यांना झाली.

१९९९ ला तिथे सात मजली इमारत उभी राहिली आणि तळमजल्यावरचा एक ब्लॉक माझ्या नणंदेने घेतला. आम्हीच दाखवला होता. (वन्सं, हे वाचताना रागावू नका, पुढचं तुमच्याबद्दलच आहे.) हवा, उजेड, जवळ माणसं, सगळं छान. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यांच्या हॉलच्या भिंतीला खालून लोणा लागायला लागला. पांढरी बुरशीसारखी भुकटी, रंगाचे पापुद्रे. प्लॅस्टर काढून नवं केलं, वॉटरप्रूफिंग केलं, तरी दोन वर्षांत लोणा परत. आमच्याकडच्या इंजिनीयरांचं म्हणणं, ही सगळीच खार जमीन, मीठ वर येणारच. तसंही असेल. पण मी शाळेत विज्ञानाच्या बाईंच्या शेजारी अठ्ठावीस वर्षं बसले आहे. जिथे गुरांचं मूत वर्षानुवर्षं मुरतं त्या मातीत नायट्रेटचे क्षार तयार होतात, आणि ते ओलीबरोबर भिंतीतून वर चढून बाहेर फुटतात. पूर्वी गोठ्याच्या भिंती आणि माती खरवडूनच सोरा काढायचे, बंदुकीच्या दारूसाठी. वन्संच्या हॉलमध्ये सोफ्यामागे जे आहे ते समुद्राचं की म्हशींचं, याची तपासणी काही आम्ही केलेली नाही. मी मात्र भिंतीला हात लावला की बोटं हुंगते. सवय.

मागे भाची हॉलंडहून आली होती. आइंधोवनला असते. तिला हे सगळं सांगत होते तर ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडेही हे आहे." तिकडे डुकरांचे मोठमोठे गोठे. इतके झाले की जमीन आणि पाणी त्या शेणामुताने बिघडलं, १९९७ मध्ये डुकरांमध्ये तापाची मोठी साथही आली. मग २००० सालापासून सरकारने योजना काढली : शेतकऱ्याने गोठे कायमचे पाडायचे, आणि साधारण हजार चौरस मीटर गोठे पाडले की एक घर बांधायचा हक्क. एक! इमारत नव्हे, घर. पुढेमागे बाग. तिच्या ऑफिसातल्या एकाचं घर असंच, पूर्वी तिथे डुकरं होती. मला हसूच आलं. हजार चौरस मीटरमध्ये इथे काय काय उभं राहिलं असतं! पण मग मी तिला विचारलं की तिथल्या गोठ्यात काम करणारी माणसं कुठे गेली? तिला माहीत नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं. मीही कुठे विचारलं होतं म्हणा.

गिरगावात आमचं घर चर्नी रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर. आजी सांगायची, चर्नी म्हणजे चरणं. इंग्रजांनी चराईवर पैसे लावले तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी ठाकुरद्वारजवळ जमीन घेऊन गुरांना फुकट चरायला मोकळी केली. पुढे गवालिया टँक, गवळी जिथे गुरांना पाणी दाखवायचे तो तलाव. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची सभा झाली ते मैदान त्याच्यावरचंच. म्हणजे मुंबईत गुरांच्या जागेवर माणसं राहायला येणं नवीन नाही. गुरं फक्त पुढे पुढे सरकवत न्यायची. १९४९ साली दारा खुरोडींनी गोरेगावला आरे कॉलनी वसवली ती शहरातले तबेले तिथे न्यायला. बत्तीस युनिटं, हजारो म्हशी, मधून झाडांचे रस्ते. लहानपणी आमची शाळेची सहल तिथे गेली होती, छोटा काश्मीर बघायला. त्या टेकड्यांवर आधीपासून आदिवासी पाडे होते, हे मला पुढे २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली तेव्हा पेपरात वाचून कळलं. सहलीत बाईंनी सांगितलं नव्हतं. मग शहर आरेच्याही पलीकडे गेलं तेव्हा दापचरी, महामार्गाने इथून शंभरेक किलोमीटर, डहाणू तालुक्यात. तिथे दुग्धप्रकल्प करायला धरण बांधलं, वारल्यांच्या जमिनी गेल्या. मुंबईतले तबेले तिकडे हलवा, असं पुढे उच्च न्यायालयानेही सांगितलं. थोडेफार गेले असतील, पण सगळे काही गेले नाहीत. रतीब घालायला दापचरीहून रोज कोण येणार? जवळच्या जवळ, वसई-नालासोपाऱ्याकडे कितीतरी सरकले. आता तिथेही इमारती त्यांच्या कुंपणाशी पोचल्या आहेत. तिथल्या एखाद्या सोसायटीतल्या बाई पत्र लिहीत असतील.

असो. विषयांतर फार झालं. मुद्द्यावर येते, कारण आता मलाच एक कागद पुरा करून द्यायचा आहे.

पुनर्विकासाचं सगळं नियमाने चाललंय. सहकार खात्याची ७९अ ची नियमावली आहे, २००९ ची, २०१९ मध्ये सुधारलेली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के सभासदांची संमती लागते. आमची नव्वदच्या वर झाली. सभासदांची यादी, क्षेत्रफळं, भाडं किती, कॉर्पस किती, सगळं झालं. सोबत सोसायटीने द्यायचं एक निवेदन आहे. सेक्रेटरी तरुण आहेत, चांगले आहेत, पण मराठी इंग्रजी शाळेतलं. म्हणून मसुदा माझ्याकडे आला. "बाई, शुद्धलेखन तेवढं बघून द्या."

बघितलं. पाचवा मुद्दा असा आहे : 'सदर इमारतीत सभासद व नोंदणीकृत भाडेकरू यांच्याव्यतिरिक्त अन्य कोणाचेही वास्तव्य नाही.'

आमच्या जिन्याखाली एक खोली आहे. मीटरची खोली म्हणून दाखवलेली. तिथे आमचा वॉचमन, त्याची बायको आणि दोन मुली राहतात. सतरा वर्षं. तो पाण्याची मोटर लावतो, बायको सहा घरची भांडी करते, माझीही. ऑपरेशननंतर आठ दिवस माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब तिने घातले. थोरली दहावीला आहे, संध्याकाळी माझ्याकडे निबंध लिहायला येते. हिला 'ळ' येतो.

सेक्रेटरींना फोन केला. म्हटलं, "वाक्य व्याकरणाला बरोबर आहे, पण खोटं आहे." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, त्यांचं नाव घातलं तर विकासक म्हणेल यांचं काय करायचं. आणि मग सगळ्यांचंच अडकेल. आपण त्यांना आपापसांत वर्गणी काढून काहीतरी देऊ ना." मी विचारलं, किती? ते म्हणाले ते नंतर बघू. माझ्यावर रागावले नाहीत, पण "तुम्हाला फक्त शुद्धलेखन बघायला दिलं होतं" असं म्हणालेच.

त्यांचंही काही अगदी चूक नाही. आमच्यात दोन विधवा आहेत, एक डायलिसिसवाले आहेत. भाडं सुरू व्हायला महिना उशीर झाला तरी त्यांची पंचाईत. आणि मला स्वतःला लिफ्ट हवी आहे, हेही लिहून ठेवते. विकासकाने वॉचमनला काही दिलंच पाहिजे असा नियम मला तरी कुठे सापडला नाही. पण लिहायचं काय, हे माझ्या हातात आहे, निदान रविवारपर्यंत.

रविवारी अकरा वाजता गच्चीवर मीटिंग आहे. कागद अजून माझ्याच टेबलावर आहे, १९९४ ची ती कार्बन प्रत त्याच्या खाली ठेवली आहे. पाचव्या मुद्द्यावर मी पेन्सिलीने रेघ मारली आणि खाली चार नावं लिहिली, वयांसकट. धाकटीची जन्मतारीख तेवढी राहिली आहे. ती शाळेतून आली की खाली जाऊन विचारून येते.